आवाज उशिरा का येतो? प्रतिध्वनीशी शंभर वर्षांची झुंज



आपल्या या मालिकेत एरवी मोहिमा, किल्ले आणि रसदीच्या वाटा यांच्यावर बोलणं होतं. आजची लढाई वेगळी आहे. ती शंभरेक वर्षं चालली आणि तिची शेवटची चकमक तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरवर आजही होत असते.

निमित्त प्रेक्षकांच्या प्रश्नांचं. इंदूर, बडोदा, तंजावर, हैदराबाद इथल्या मराठी घरांतून एकाच धाटणीची विचारणा होते. आजीच्या आठवणी, तिच्या तोंडच्या ओव्या, त्या गावची जुनी मराठी रेकॉर्ड करून ठेवायची आहे. माइक आणला, आजीला हेडफोन लावून दिला, पण तिला स्वतःचाच आवाज मागून ऐकू येतो आणि ती बोलता बोलता अडखळते. कुणी तबल्याच्या ट्रॅकवर अभंग म्हणतं आणि नंतर ऐकावं तर गाणं ठेक्याच्या मागे पडलेलं. सगळ्यांचा प्रश्न एकच, हा प्रतिध्वनी येतो कुठून?

यातला ‘कुठून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आज मला एवढीच गोष्ट सांगायची आहे: प्रतिध्वनीचा उशीर मोजला की त्याचं ठिकाण सापडतं. टेलिफोनवाल्यांनी, टेपवाल्यांनी आणि कॉम्प्युटरवाल्यांनी हे आपापल्या पद्धतीने शोधलं. सुरुवात मात्र रणांगणावरून करू.

तोफ कुठे आहे?

लांबवर तोफ उडाली की आधी झगमगाट दिसतो, मग धडाका ऐकू येतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. झगमगाट आणि धडाका यांत पाच सेकंद गेले, तर तोफ सुमारे १७०० मीटरवर. हे गणित जवानाला बोटांवर करता येतं.

पण तोफ टेकडीआड असली तर झगमगाट दिसत नाही. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ब्रिटिश सैन्याने हे काम विल्यम लॉरेन्स ब्रॅग या तरुण शास्त्रज्ञाकडे दिलं. त्याच वर्षी वयाच्या पंचविशीत त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या तुकडीने आघाडीच्या मागे ठरावीक अंतरांवर मायक्रोफोन मांडले. एकच धडाका प्रत्येक मायक्रोफोनवर थोड्या वेगळ्या क्षणी पोहोचायचा. हे क्षण फिल्मवर उमटवायचे, त्यांच्यातला फरक मोजायचा आणि नकाशावर तोफेची जागा काढायची. अडचण अशी, की साधे मायक्रोफोन तोफेच्या खर्जातल्या धडाक्याला नीट दाद देत नसत. १९१६ मध्ये टकर नावाच्या सहकाऱ्याने तापलेल्या बारीक तारेचा मायक्रोफोन बनवला आणि ती अडचण सुटली.

म्हणजे उशीर ही शत्रूची खूण असते. तिला वैतागायचं नाही, ती मोजायची.

भिंतीचा हिशोब

आता घरात येऊ. प्रतिध्वनी म्हटलं की आपल्याला विजापूरचा गोल घुमट आठवतो. त्याच्या घुमटाचा आतला व्यास साधारण ३८ मीटर आहे. समोरच्या भिंतीवर जाऊन परत यायला ७६ मीटर, म्हणजे सुमारे ०.२२ सेकंद. म्हणून तिथे आपलाच शब्द सुटा होऊन परत ऐकू येतो. शाळेच्या पुस्तकात आपण वाचलं आहे, की मूळ आवाज आणि प्रतिध्वनी वेगळे ऐकू यायला साधारण ०.१ सेकंदाचं अंतर लागतं, म्हणजे भिंत निदान १७ मीटर दूर हवी.

तुमच्या खोलीत भिंत किती दूर आहे? फार तर तीन मीटर. आवाज जाऊन यायला सहा मीटर, ०.०१८ सेकंद, म्हणजे १८ मिलिसेकंद. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवून दिलं, की तीसेक मिलिसेकंदांच्या आत आलेला परतीचा आवाज आपला कान वेगळा धरत नाही, मूळ आवाजातच मिसळून टाकतो. खोलीत आवाज घुमतो, पोकळ वाटतो, त्याला निनाद म्हणतात. त्यावरचा इलाजही जुना आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणंच कळेना. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने तिथे शेजारच्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांवरच्या गाद्या आणून मांडल्या आणि गादीगणिक निनाद किती कमी होतो ते मोजलं. तुमच्या घरी तेच काम जाड पडदा, गादी आणि कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट करतं.

पण सुटा, स्पष्ट, दुसऱ्यांदा उच्चारलेला शब्द ऐकू येत असेल, तर दहा बाय बाराच्या खोलीतली भिंत तो देऊच शकत नाही. चोर भिंतीत नाही. तो तारेत किंवा यंत्रात आहे.

तारेतला प्रतिध्वनी

तारेत प्रतिध्वनी कसा येईल? हा प्रश्न टेलिफोन कंपन्यांना १९२० च्या दशकात पडला. घरापासून एक्स्चेंजपर्यंत दोनच तारा असतात. जाणारा आणि येणारा आवाज त्या एकाच जोडीवरून जातो. लांब पल्ल्यावर मात्र आवाज मध्येमध्ये वाढवावा लागतो, आणि वाढवणारं यंत्र एकाच दिशेने काम करतं. म्हणून लांबच्या मार्गावर चार तारा, एक जोडी जायला आणि एक यायला. दोन तारा जिथे चार तारांना मिळतात, तिथे हायब्रिड नावाची जोडणी असते. ती कधीच शंभर टक्के अचूक बसत नाही. आलेल्या आवाजाचा थोडा अंश तिथून झिरपतो आणि बोलणाऱ्याकडे परत जातो.

गावातल्या गावात बोलताना हा अंश इतक्या चटकन परततो की कळतही नाही. पल्ला वाढला की उशीर वाढतो, आणि तोच अंश प्रतिध्वनी होऊन टोचायला लागतो. झिरपलेला आवाज तेवढाच होता, फक्त तो उशिरा आला. हे सूत्र नीट लक्षात ठेवा, कारण कॉम्प्युटरपर्यंत तेच लागू पडतं.

१९२५ मध्ये अमेरिकेतल्या क्लार्क आणि मॅथेस या दोन इंजिनिअरांनी यावरचा पहिला मोठा उपाय जगासमोर मांडला, प्रतिध्वनी दाबणारं यंत्र. एक बाजू बोलू लागली की परतीची वाट आपोआप बंद. फौजेतल्या मंडळींना ही कल्पना नवी नाही. वायरलेस सेटवर प्रेसल स्विच दाबला की आपण बोलतो, सोडला की ऐकतो, आणि बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणतो. दोघे एकाच वेळी बोलत नाहीत, म्हणून गोंधळ होत नाही. सिग्नलमन जे शिस्तीने करतो, ते या यंत्राने आपोआप केलं. पण साध्या माणसाच्या गप्पांना ही शिस्त कुठून असणार? आपली माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलतातच. मग शब्दांचं पहिलं अक्षर कापलं जायचं, हसणं तुटायचं.

उशिराने जीभ का अडखळते

१९५० मध्ये बर्नार्ड ली या अमेरिकन संशोधकाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला वाचायला लावायचं आणि त्याचाच आवाज टेपच्या मदतीने किंचित उशिरा त्याच्या कानात सोडायचा. चांगली बोलणारी माणसं अडखळू लागली. शब्द लांबले, अक्षरं दोनदा उच्चारली गेली, काहींचा आवाज उगाच चढला. पुढच्या प्रयोगांतून दिसलं, की साधारण ०.२ सेकंदाचा उशीर सर्वांत जास्त घोटाळा करतो.

आपण बोलताना आपला कान जिभेवर पहारा ठेवत असतो. पहारेकऱ्याने दिलेली खबर उशिरा पोहोचली, की पुढची पावलं चुकतात.

आता आजीकडे परत या. ती अडखळते तेव्हा घरचे म्हणतात, ‘वय झालं, आता आठवत नाही.’ चार मिनिटांत रेकॉर्डिंग बंद होतं आणि ते काम मागे पडतं ते कायमचंच. पण तिच्या कानातला आवाज ०.२ सेकंद उशिरा येत असेल, तर तिच्या जागी आकाशवाणीचा निवेदक बसवला तरी तो अडखळेल. दोष आठवणीत नाही, हेडफोनमध्ये आहे. या मंडळींच्या तोंडची मराठी महाराष्ट्राबाहेर कित्येक पिढ्या टिकली. एका चुकीच्या सेटिंगमुळे ती नोंदवायची राहून जाऊ नये, म्हणून हा विषय घेतला.

टेपवाल्यांनी काढलेली पळवाट

ट्रॅकच्या मागे पडणाऱ्या गाण्याची गोष्टही याच दशकातली. टेप रेकॉर्डरमध्ये आवाज उमटवणारं हेड आणि ऐकवणारं हेड शेजारी शेजारी असतात, पण एकाच जागी नसतात. समजा त्यांच्यात पाच सेंटिमीटर अंतर आहे आणि टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर पळते आहे. म्हणजे उमटलेला आवाज ऐकू यायला ०.१३ सेकंद लागणार. आधी वाजवलेली गिटार ऐकत तिच्यावर गायलं, की नवं गाणं टेपवर तेवढंच मागे उमटणार.

अँपेक्स कंपनीतल्या रॉस स्नायडर यांना १९५५ मध्ये यावर उपाय सुचला. जुना ट्रॅक ऐकवणाऱ्या हेडवरून ऐकूच नका, उमटवणाऱ्या हेडवरूनच ऐका. मग जुना आणि नवा आवाज एकाच जागी भेटतात, अंतर शून्य. १९५७ मध्ये लेस पॉल या गिटारवादकाला या पद्धतीचं आठ ट्रॅकचं यंत्र मिळालं. एकेक वाद्य, एकेक आवाज वेगवेगळा घेऊन गाणं रचण्याची पद्धत या युक्तीवर उभी राहिली. उशीर कमी करता येत नसेल तर त्याला वळसा घाला, हा तो धडा.

३६ हजार किलोमीटर आणि सोंधी

१९६५ मध्ये अर्ली बर्ड हा दळणवळण उपग्रह आकाशात गेला. तो पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर होता. आवाज रेडिओलहरींवर बसून प्रकाशाच्या वेगाने जातो खरा, पण वर जाऊन खाली यायला ७२ हजार किलोमीटर होतात. म्हणजे एका दिशेला ०.२४ सेकंद. तिकडच्या टोकाहून झिरपलेला प्रतिध्वनी परत यायला जवळजवळ अर्धा सेकंद. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वीला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी संपर्कासाठी उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. ज्यांनी तेव्हा परदेशातल्या मुलाशी ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ असं ओरडत बोलणं केलं, त्यांना तो अर्धा सेकंद पक्का आठवत असेल. दोघे एकदम बोलायचे, दोघे एकदम थांबायचे.

इतक्या उशिरापुढे वाट बंद करणारं जुनं यंत्र कमी पडलं. नवा उपाय अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला. त्यात जॉन केली आणि बेंजामिन लोगन होते. हे तेच केली, ज्यांनी १९६१ मध्ये कॅरल लोकबॉम यांच्याबरोबर कॉम्प्युटरला गायला लावलं होतं. आणि त्यात होते मनमोहन सोंधी. दिल्ली विद्यापीठ आणि बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था इथे शिकलेले, विस्कॉन्सिनला डॉक्टरेट केलेले, मध्ये वर्षभर राजस्थानात पिलानीच्या केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स संशोधन संस्थेत काम केलेले. १९६२ मध्ये ते बेल प्रयोगशाळेत गेले आणि १९६७ मध्ये त्यांचा स्वतःहून जुळवून घेणाऱ्या प्रतिध्वनीनाशकावरचा लेख प्रसिद्ध झाला.

कल्पना तोफखान्याच्या माणसाला लगेच समजेल. पहिला गोळा टाकतात, टेहळणीवरचा अधिकारी सांगतो, शंभर मीटर पुढे पडला. दुरुस्ती होते, दुसरा गोळा टाकतात. चूक कमी कमी होत निशाण्यावर येते. सोंधींच्या यंत्राला माहीत असतं की पलीकडून कोणता आवाज आला. त्यावरून ते अंदाज बांधतं की याचा प्रतिध्वनी केव्हा आणि किती येईल, आणि तेवढा आवाज वजा करतं. जे उरतं ती चूक. ती पाहून पुढचा अंदाज सुधारतं. हे सेकंदात हजारो वेळा चालतं. वाट बंद करायची नाही, फक्त प्रतिध्वनी वजा करायचा. दोघे एकदम बोलले तरी शब्द तुटत नाही.

१९८० च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतच हे सगळं गणित एका चिपवर बसवण्यात आलं. २०११ मध्ये गुगलने ब्राउझरमधल्या संभाषणासाठीची आपली प्रणाली सर्वांना खुली केली, तिच्यातही प्रतिध्वनीनाशक आहे. आज व्हिडिओ कॉलवर स्पीकर चालू ठेवून आपण बोलू शकतो, त्यामागे हीच कल्पना आहे.

कॉम्प्युटर आणि कॉन्व्हॉय

तार गेली, टेप गेली, तरी उशीर राहिलाच. डोंगरी रस्त्यावर फौजेच्या गाड्या एकेक करून सोडत नाहीत. कॉन्व्हॉय भरतो, मग निघतो. कॉम्प्युटरही आवाज असाच नेतो. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने. ते एकेक करून पाठवायला प्रोसेसरला सवड नसते, म्हणून एक टोपली भरतात. तिला बफर म्हणतात. १०२४ नमुन्यांची टोपली भरायला २३ मिलिसेकंद, २५६ ची सहा, १२८ ची तीन. आत येताना एक टोपली, बाहेर जाताना आणखी एक. टोपली मोठी तर उशीर जास्त. टोपली फार लहान केली आणि प्रोसेसरला दम टिकला नाही, तर मध्ये खाडे पडतात आणि आवाज कडकडतो.

विंडोज ९८ पासूनच्या पिढीत सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करणारा एक मधला नाका होता. तो एकटाच तीसेक मिलिसेकंद खात असे. असे मधले नाके टाळणारी थेट वाट जर्मनीतल्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्येच आणली होती, तिचं नाव एएसआयओ. २००१ पासून ॲपलच्या नव्या प्रणालीत कोअर ऑडिओ आला, २००७ च्या विंडोज विस्टात वासापी आली. सगळ्यांचा हेतू एकच, मधले नाके कमी करणं. टेपवाल्यांची पळवाटही टिकून आहे. ऑडिओ इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ असं बटण असतं, ते माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून सरळ हेडफोनमध्ये देतं.

आता तुमची पाळी: उशीर मोजा

रेकॉर्डिंग चालू करा, माइकसमोर एक टाळी वाजवा. मग प्रोग्रॅममध्ये लहर मोठी करून पहिल्या टाळीपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. दुसरी खूणच नसेल आणि प्रतिध्वनी फक्त हेडफोनमध्ये येत असेल, तर कानाने अंदाज घ्या.

आवाज वेगळा नाही, पण घुमतो: खोली. गादी, पडदे लावा, माइक तोंडाच्या वीतभर जवळ आणा.

आवाज डब्यातून आल्यासारखा, किंवा अगदी चिकटून दोनदा: तोच आवाज दोन वाटांनी कानात येतो आहे. डायरेक्ट मॉनिटर आणि रेकॉर्डिंग प्रोग्रॅममधलं मॉनिटरिंग, दोन्ही चालू असतील. प्रोग्रॅममधलं बंद करा.

शब्द सुटा, ०.१ ते ०.३ सेकंद मागे: कॉम्प्युटरची लांब वाट किंवा ब्लूटूथ हेडफोन. ब्लूटूथ आवाज आवळतो, पाठवतो, पुन्हा उलगडतो, त्यात एवढा वेळ सहज जातो. तारेचा हेडफोन लावा. विंडोजमध्ये माइकच्या गुणधर्मांत ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ वर खूण असेल तर काढा. रेकॉर्डिंगचा स्रोत म्हणून ‘स्टीरिओ मिक्स’ निवडला असेल तर जागी माइक निवडा, नाहीतर स्पीकरकडे जाणारं सगळंच पुन्हा रेकॉर्ड होतं.

अर्ध्या सेकंदाच्या आसपास किंवा जास्त, आणि तेही कॉलवर: तुमचा आवाज समोरच्याच्या स्पीकरमधून त्याच्या माइकमध्ये शिरून परत येतो आहे. हेडफोन त्याला घालायला सांगा. एका खोलीत दोन मोबाइल एकाच कॉलवर असतील तर एकाचा स्पीकर आणि माइक दोन्ही बंद.

गाणं ट्रॅकच्या मागे पडतं: यात प्रतिध्वनी नाही, नुसता उशीर आहे, आणि तो भरून काढता येतो. ऑडॅसिटीत ‘लेटन्सी कॉम्पेन्सेशन’ नावाची जागा आहे, तिथे मूळचा आकडा उणे १३० मिलिसेकंद असतो. तुमच्या यंत्राचा उशीर मोजून तो आकडा तिथे भरा.

संगीतवाल्यांना एक सूचना. कॉलवरचं गोंगाट काढणारं गणित सतत चालणाऱ्या एकसुरी आवाजाला गोंगाट समजतं. आपला तानपुरा त्याच्या लेखी पंखाच. म्हणून गाण्याच्या शिकवणीच्या वेळी झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, आणि दोन्ही टोकांना तारेचे हेडफोन ठेवा, कारण मग प्रतिध्वनीनाशक मदतीला असेलच असं नाही.

आणि आजीसाठी सर्वांत सोपा उपाय. तिला हेडफोन लावूच नका. हेडफोन लावायचा तो रेकॉर्ड करणाऱ्याने. कॉम्प्युटरचा स्पीकर बंद, माइक तिच्याजवळ, आणि तुम्ही समोर बसून नेहमीसारख्या गप्पा मारा. तिचा आवाज तिच्या कानाला आयुष्यभर जसा ऐकू आला, तसाच ऐकू येऊ द्या. ती बोलू लागेल. हे काम या रविवारीच करा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.